रीफर कंटेनर: वाऱ्याला वाट हवी

१५ फेब्रुवारी १८८२ रोजी न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्स बंदरातून 'डनीडिन' हे शिडाचं जहाज लंडनकडे निघालं. त्याच्या पोटात गोठवलेलं मेंढ्यांचं मांस होतं आणि ते गार ठेवायला कोळशावर चालणारं यंत्र. उष्ण कटिबंधात वारा पडला, जहाज रेंगाळलं. तिथे कप्तान जॉन व्हिटसन यांच्या लक्षात आलं, की यंत्र चालू असूनही गार हवा सगळ्या मालापर्यंत पोचत नाही. ते स्वतः आत शिरले आणि हवेच्या मुख्य मार्गाला जास्तीची भोकं पाडू लागले. थंडीने ते इतके गारठले, की पायाला दोर बांधून त्यांना बाहेर ओढावं लागलं. ९८ दिवसांच्या प्रवासानंतर जवळजवळ पाच हजार धडांपैकी फक्त एक टाकून द्यावं लागलं.

यंत्रं तेव्हापासून पार बदलली, पण व्हिटसन यांना पडलेला प्रश्न आजही तोच आहे. माल खराब निघाला की पहिला संशय यंत्रावर जातो. खरं तर पुष्कळदा यंत्र ठणठणीत असतं आणि हवेची वाट अडलेली असते.

बंदरावर ज्याला सगळे रीफर म्हणतात, तो कंटेनर म्हणजे माल गार ठेवून नेणारी, फोम भरलेल्या भिंतींची लांबलचक पेटी. एका टोकाला यंत्र, दुसऱ्या टोकाला दार. फरशी सपाट नसते. इंग्रजी 'टी' अक्षरासारख्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात. यंत्राचे पंखे गार हवा या खाचांत ढकलतात. ती फरशीखालून दाराकडे जाते, जाता जाता मालातून वर चढते आणि छताखालच्या मोकळ्या जागेतून यंत्राकडे परतते. आतल्या भिंतीवर एक लाल रेषा आखलेली असते. तिच्यावर एक खोकं जरी रचलं, तरी परतीची वाट तिथे चेपली जाते.

आता एक हिशेब करून पाहू. वीस टन फळं २५ अंश सेल्सिअसला भरली आणि ती १३ अंशांवर आणायची आहेत. फळ म्हणजे बहुतांशी पाणी, त्यामुळे त्यातून साधारण २५० युनिट विजेएवढी उष्णता काढावी लागेल. भिंतींतून झिरपणारी, पंख्यांनी निर्माण केलेली आणि फळांच्या श्वसनाची उष्णता वजा जाता यंत्राकडे समजा ८ किलोवॉट ताकद उरली, तर कागदावर तीस-एकतीस तास लागतात. प्रत्यक्षात खोक्याच्या मधल्या फळाची ऊब बाहेर यायलाच वेळ लागतो, म्हणून ३० तासांचे कित्येक दिवस होतात. तेवढ्यात फळ पिकायला लागतं, आणि पिकणारं फळ आणखी उष्णता सोडतं. रीफर गारवा राखण्यासाठी बांधलेला असतो, गरम माल गार करण्यासाठी नाही. त्यासाठी माल आधी शीतगृहात गार करायचा आणि भरताना फळाच्या गरात थर्मामीटरची सुई खुपसून आकडा लिहून घ्यायचा. खोक्याबाहेरच्या हवेचा आकडा इथे कामाचा नाही.

रिकामा कंटेनर आधीच थंड करून ठेवावा, असं अनेकांना वाटतं. भरण्याची जागा बंदिस्त आणि थंड असेल तर ते ठीक. उघड्या धक्क्यावर मात्र दार उघडताच दमट हवा आत घुसते, थंड भिंतींवर पाणी सुटतं, यंत्राच्या गार नळ्यांवर बर्फ धरतो आणि खोक्यांचा पुठ्ठा ओला होतो. ओला पुठ्ठा वजन पेलत नाही. अशा ठिकाणी माल चढवताना यंत्र बंदच ठेवावं.

ताज्या आणि गोठवलेल्या मालाची रचना अगदी वेगळी, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ताजं फळ जिवंत असतं. त्याची उष्णता आतूनच येत राहते, म्हणून हवा मालाच्या आरपार जायला हवी. खोक्यांच्या तळाची आणि झाकणाची भोकं थरागणिक एकावर एक जुळली पाहिजेत. खोकी आडवीतिडवी रचली की भोकं बुजतात, शिवाय खोक्याची बहुतेक ताकद त्याच्या कोपऱ्यांत असते, कोपऱ्यावर कोपरा आला नाही तर खालचे थर चेपतात. फरशीही पूर्ण झाकलेली हवी. दाराजवळ हातभर जागा उघडी राहिली, तर हवा सोपी वाट धरते: तिथून थेट वर जाते आणि मालाला वळसा घालून परत येते. उरलेल्या फरशीवर जाड पुठ्ठा अंथरला की हे थांबतं. एवढ्याशा पुठ्ठ्याने अख्खी खेप वाचते, हे मुद्दाम सांगायला हवं.

गोठवलेला माल उष्णता निर्माण करत नाही. बाहेरून झिरपणारी उष्णता त्याच्यापर्यंत पोचण्याआधी काढून घेतली की झालं. म्हणून तो ठोकळ्यासारखा घट्ट रचतात आणि हवा त्याच्या भोवतीने फिरते. यंत्राचं धोरणही त्यानुसार बदलतं. ताज्या मालासाठी ते आत सोडलेल्या हवेचं तापमान धरून ठेवतं, कारण ती हवा जास्त थंड झाली तर तळाची फळं गोठतील. गोठवलेल्या मालासाठी ते परतणाऱ्या हवेचं तापमान पाहतं.

तापमान किती ठेवायचं? गोठवलेल्याला सहसा उणे १८ अंश किंवा त्याखाली, सफरचंदाला शून्याच्या आसपास. केळ्याला मात्र १३ ते १४. त्याखाली केळ्याची साल राखाडी पडते आणि ते नीट पिकत नाही. 'थोडं जास्त गार ठेवलं तर बरंच' हा विचार केळ्याच्या बाबतीत घात करतो. आणि कागदावरची उणे खूण दोनदा तपासावी. उणे १८ ऐवजी नुसतं १८ लिहिलं गेलं, तर यंत्र इमानाने १८ अंश राखेल.

ताज्या मालासाठी बाहेरची हवा आत घेणारी एक झडप असते, ताशी घनमीटरमध्ये मोजलेली. श्वसनातून साठणारा कार्बन डायऑक्साइड आणि पिकवणारा इथिलीन वायू तिच्यातून बाहेर पडतो. केळ्यांत एक घड पिकू लागला, की त्याचा इथिलीन शेजारच्यांनाही पिकवतो. गोठवलेल्या मालासाठी ही झडप पूर्ण बंद हवी, नाहीतर दमट हवा येऊन नळ्यांवर बर्फ जमत राहतो. काही कंटेनरमध्ये ऑक्सिजन मुद्दाम दोन ते पाच टक्क्यांवर आणून फळाचं श्वसन मंदावतात. असा कंटेनर उघडल्यावर हवा पूर्ण खेळती होईपर्यंत कोणीही आत पाऊल टाकू नये. तिथे माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो.

तापमानाची नोंद वाचताना मध्येच चढलेलं टोक दिसलं की माणूस घाबरतो. बहुतेक वेळा तो यंत्राच्या नळ्यांवरचा बर्फ वितळवण्याचा वेळ असतो: पंखे थांबतात, हीटर लागतो आणि थोड्या वेळात रेघ खाली येते. खरी काळजी करावी ती वीज तुटलेल्या तासांची. ४० फुटी कंटेनरच्या भिंतींतून दर अंश फरकामागे सुमारे ४० वॉट उष्णता आत येते. बाहेर ३२ आणि आत उणे १८, म्हणजे २ किलोवॉट. वीस टन गोठवलेला माल २४ तासांत सरासरी चारेक अंशांनी चढेल, कडेची खोकी त्याहून बरीच जास्त. ताजी फळं स्वतःच तापत असल्याने त्यांना एवढी सवलत नसते.

पोचल्यावर दार उघडलं की दाराशी, मध्यभागी आणि यंत्राजवळ, वरच्या आणि खालच्या थरात, सगळीकडे गराचं तापमान घ्यावं. दाराजवळचा माल ऊबदार असेल तर फरशी उघडी राहिली होती. फक्त वरचा थर ऊबदार असेल तर लाल रेषा ओलांडली होती. यंत्राजवळ तळाशी फळं गोठलेली असतील तर नेमलेलं तापमान फार खाली होतं, कारण सगळ्यात थंड हवा तिथेच पहिली लागते. सगळीकडे सारखाच ऊबदार माल असेल, तर भरतानाचा गराचा आकडा काढून पाहावा.