रुग्णशुल्क, सार्वजनिक आरोग्यसेवेतील
रुग्णशुल्क : कर किंवा सक्तीचा विमा यांच्या पैशावर चालणाऱ्या आरोग्यसेवेत प्रत्यक्ष उपचाराच्या वेळी रुग्णाकडून घेतली जाणारी रक्कम. केसपेपरची फी, औषधाच्या चिठ्ठीवरील आकार, खाटेचे रोजचे भाडे, तपासणीच्या बिलातील ठरावीक टक्के अशी तिची रूपे आढळतात. खाजगी डॉक्टरची फी आणि विम्याचा हप्ता यांचा तिच्यात समावेश होत नाही. कर्मचाऱ्यांनी परस्पर घेतलेले पैसेही तिच्यात मोडत नाहीत. मात्र जेथे अशी वसुली रूढ आहे तेथे अधिकृत शुल्काचा विचार तिला वगळून करणे चुकीचे ठरते.

उगम : पहिले रुग्णशुल्क कोणते, याचे उत्तर व्याख्येनुसार बदलते. धर्मादाय रुग्णालये ऐपतीप्रमाणे पैसे घेत, ही प्रथा जुनी आहे. पण तेथे उपचार हा हक्क नव्हता, म्हणून ती येथे जमेस धरलेली नाही. फ्रान्समध्ये १९३० च्या सुमारास अमलात आलेल्या सामाजिक विम्याच्या कायद्यांनी खर्चाचा काही हिस्सा विमाधारकाच्या अंगावर ठेवला. मागणीला आवर बसावा हा त्यामागील उघड हेतू होता. काही अभ्यासक सुरुवात येथून मानतात. करांवर चालणाऱ्या सेवेपुरता विचार केल्यास न्यूझीलंडचे उदाहरण अधिक सयुक्तिक वाटते. तेथील १९३८ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याला डॉक्टरची तपासणी मोफत करायची होती. डॉक्टरांच्या संघटनेने ते मानले नाही. १९४१ मध्ये तडजोड झाली : सरकारने प्रत्येक तपासणीमागे ७ शिलिंग ६ पेन्स द्यावेत आणि त्यावर डॉक्टरने रुग्णाकडून वेगळे पैसे घेण्यास मुभा असावी. पुढे सरकारी रक्कम दीर्घकाळ तेवढीच राहिली आणि रुग्णाचा वाटा वाढत गेला. शुल्क नेहमी गैरवापर रोखण्यासाठीच आले, हा समज या उदाहरणाने खोटा ठरतो.

ब्रिटनमधील वाद सर्वांत प्रसिद्ध आहे. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्यसेवा मोफत होती असे सर्रास म्हटले जाते. १९४६ चा मूळ कायदा बारकाईने वाचला तर सेवा मोफत असतील ‘या कायद्यात स्पष्ट तरतूद केली असेल ते वगळून’ अशी पुस्ती त्यात आहे. १९४९ च्या दुरुस्तीने औषधाच्या चिठ्ठीवर शुल्क लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तेव्हा आरोग्यमंत्री होते सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन. हा अधिकार त्यांच्या काळात वापरला गेला नाही. एप्रिल १९५१ मध्ये अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी कवळ्या व चष्मे यांवर शुल्क लावले; कोरियन युद्धामुळे शस्त्रसज्जतेचा खर्च वाढला होता. एव्हाना कामगारमंत्री झालेल्या बेव्हन यांनी राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर हॅरल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हेही सरकारबाहेर पडले. ही तत्त्वाची लढाई होती की पक्षांतर्गत सत्तास्पर्धा, यावर इतिहासकारांत दुमत आहे. १९४९ ची तरतूद बेव्हन यांनी स्वीकारली होती, त्यामुळे तत्त्व आधीच सैल झाले होते असे एक मत आहे. ती कधी वापरायची नाही याच भरवशावर त्यांनी मान तुकवली, असे दुसरे. वादातील रक्कम सेवेच्या एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ होती, हे लक्षात घेता भांडण मुख्यतः पैशासाठी नव्हते असे मानणे योग्य. १९५२ मध्ये चर्चिल सरकारने चिठ्ठीमागे एक शिलिंग घेण्यास सुरुवात केली. विल्सन पंतप्रधान असताना ते शुल्क १९६५ मध्ये रद्द झाले आणि १९६८ मध्ये त्यांच्याच काळात, सवलतींच्या यादीसह, परत आले. वेल्सने २००७, उत्तर आयर्लंडने २०१० आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये ते काढून टाकले. इंग्लंडमध्ये ते चालू आहे.

शुल्काचा मागणीवरील परिणाम : सेवा फुकट मिळाली की माणूस गरजेपेक्षा जास्त वापरतो, हे विम्याबाबतचे प्रतिपादन अर्थतज्ञ मार्क पॉली यांनी १९६८ मध्ये नेमकेपणाने मांडले. त्याची सर्वांत मोठी कसोटी अमेरिकेत १९७४–८२ या काळात रँड या संशोधन संस्थेच्या प्रयोगात लागली. कुटुंबे चिठ्ठ्या टाकल्यासारखी वेगवेगळ्या योजनांत वाटली गेली. काहींना उपचार पूर्ण मोफत, तर काहींना खर्चाच्या २५, ५० किंवा ९५ टक्के स्वतः भरायचे होते. वार्षिक भरण्याला उत्पन्नानुसार मर्यादा होती. ९५ टक्के भरणाऱ्यांवरील खर्च मोफत गटापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. सरासरी प्रकृतीत फारसा फरक दिसला नाही आणि शुल्काचे समर्थक हाच निष्कर्ष पुढे करतात. त्याच प्रयोगातील इतर दोन निष्कर्ष मात्र अधिक वजनदार आहेत. एक, बचत मुख्यतः रुग्ण डॉक्टरकडे गेलाच नाही म्हणून झाली. तो एकदा गेल्यावर पुढचे उपचार डॉक्टर ठरवतो आणि तेथे शुल्काचा प्रभाव थोडा उरतो. दोन, लोकांनी अनावश्यक उपचारांइतकेच उपयुक्त उपचारही टाळले. गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांत उच्च रक्तदाबावरील नियंत्रण मोफत गटात चांगले राहिले. छातीतली कळ पित्ताची की हृदयाची हे ठरवण्यासाठीच तर रुग्ण दवाखान्यात येतो. ते त्याने दाराबाहेर, पाकीट चाचपत ठरवावे अशी अपेक्षा शुल्क करते. प्रयोगात वृद्धांचा समावेश नव्हता, ही त्याची मोठी मर्यादा होय.

कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात १९६८–७१ दरम्यान तपासणीमागे अल्प शुल्क होते. वापरातील घट एकूण लोकसंख्येपेक्षा गरिबांत बरीच जास्त आढळली. १९८४ च्या कॅनडा आरोग्य कायद्यानुसार एखाद्या प्रांताने असे शुल्क घेऊ दिले, तर केंद्राकडून मिळणाऱ्या अनुदानातून तितकीच रक्कम कापली जाते.

विकसनशील देश : १९८७ मध्ये जागतिक बँकेच्या धोरणपत्राने सरकारी दवाखान्यांत शुल्काचा पुरस्कार केला. त्याच वर्षी आफ्रिकी आरोग्यमंत्र्यांच्या परिषदेत बामाको उपक्रम स्वीकारला गेला. दोन्ही एकच समजण्याची चूक वारंवार होते. बामाको उपक्रमात औषधांचे पैसे स्थानिक समितीच्या हाती राहून त्यांतून पुन्हा औषधे आणायची होती. घानात शुल्कवाढ त्याआधीच, १९८५ मध्ये झाली होती. केन्याने १९८९ च्या अखेरीस शुल्क लावले, १९९० मध्ये त्यातील काही भाग स्थगित केला आणि पुढे तो परत आणला. अपेक्षित उत्पन्न बहुतेक ठिकाणी आले नाही. आफ्रिकेतील जमा साधारणतः चालू खर्चाच्या ५ टक्क्यांच्या आसपास राहिली, असे अंदाज आहेत. गरिबांसाठी सूट कागदावर होती. ती ठरवण्यासाठी उत्पन्नाची नोंद लागते, ती नव्हती. आणि सूट देणाऱ्याच दवाखान्याचे उत्पन्न बुडत असे. भारतात उपचार पैशाअभावी नाकारले जाऊ नयेत हे तत्त्व आरोग्यसेवेचा आराखडा सुचवणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये मांडले होते. १९९० नंतर मध्य प्रदेशातून पसरलेल्या रोगी कल्याण समित्यांनी (सरकारी रुग्णालयांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक समित्या) रुग्णालयांना शुल्क स्वतःकडे ठेवण्याची वाट दिली.

दक्षिण आफ्रिकेने १९९४ मध्ये गरोदर स्त्रिया व सहा वर्षांखालील मुले यांचे शुल्क काढले. युगांडाने मार्च २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतील शुल्क रद्द केले (रुग्णालयांतील खाजगी कक्ष वगळून). गर्दी झपाट्याने वाढली आणि वाढीत गरिबांचा वाटा मोठा होता. तथापि अति गरीब कुटुंबांवरील उपचारखर्चाचा भार अपेक्षेइतका हलका झाला नाही. औषधे संपली की रुग्णाला ती बाहेरून विकत घ्यावी लागत, हे त्याचे संभाव्य कारण दिले जाते. शुल्क काढताना बुडालेले पैसे आणि वाढलेली गर्दी यांची भरपाई अर्थसंकल्पात केली नाही, तर शुल्क खिडकीवरून औषधाच्या दुकानात सरकते.

मर्यादा व सवलती : स्वीडनमध्ये वर्षभराच्या शुल्कास कमाल मर्यादा असते, ती गाठल्यावर पुढील उपचार मोफत होतात. दीर्घकाळ आजारी असणाऱ्यांसाठी ही पद्धत सवलतींच्या यादीपेक्षा न्याय्य ठरते, कारण तीत रोगाचे नाव पाहावे लागत नाही. इंग्लंडमध्ये सवलती इतक्या विस्तृत आहेत, की दहापैकी सुमारे नऊ औषधे विनाशुल्क दिली जातात. जर्मनीने २००४ मध्ये तिमाहीला १० युरो तपासणी शुल्क लावले आणि २०१२ अखेर ते बंद केले. दवाखान्यांवरील कागदी कामाचा बोजा हा टीकेचा एक मुख्य मुद्दा होता. हंगेरीत मार्च २००८ च्या सार्वमतात मतदारांनी तपासणी शुल्क फेटाळले. दात व चष्मे यांवरील शुल्क मात्र शुल्कविरोधी देशांतही सहसा टिकून राहते.