बीट गेला, वही आली: फ्रीस्टाइल रॅप बॅटलची पार्श्वभूमी

फ्रीस्टाइल बॅटल पाहायच्या म्हणून यूट्यूब उघडलं की आधी हाती लागतात त्या इंग्रजी लीगच्या लढती. त्यातल्या बहुतेक फ्रीस्टाइल, म्हणजे तिथल्या तिथे सुचलेल्या, नसतात, घरून लिहून आणलेल्या असतात. हे असं का झालं, याची मुळं २००८च्या आसपास सापडतात.

त्याआधीचा भाग रॅपच्या बहुतेक चाहत्यांना पाठ आहे. १९८१च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका क्लबात गर्दीला खूश करणाऱ्या रॅपरची दुसऱ्याने नाव घेऊन उडवलेली रेवडी, लॉस एंजेलिसच्या लायमर्ट पार्कमधले ओपन माइक, १९९६पासून काही वर्षं सिनसिनाटीत भरलेला हिप-हॉपचा वार्षिक मेळा आणि २००२चा डेट्रॉइटच्या रॅप बॅटलवरचा चित्रपट. डीजेचा बीट (मागे वाजणारा ताल), थोडका वेळ आणि तिथल्या तिथे जुळवलेलं यमक, असा सगळा मामला होता.

२००८ ते १० या काळात अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि पाठोपाठ फिलिपिन्समध्ये उभ्या राहिलेल्या लीगनी मात्र बीटच काढून टाकला. जोडी आधी जाहीर व्हायची, तयारीला वेळ मिळायचा, फेऱ्या लांबल्या आणि परीक्षक अनेक ठिकाणी ऐच्छिक झाले. समर्थकांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. बीटवरच्या लढतींतही कुणालाही लागू पडतील अशा तयार ओळी खिशात असायच्याच. चोरून लिहिण्यापेक्षा उघड लिहू द्या, म्हणजे निदान समोरच्याचा अभ्यास होईल, असा त्यांचा युक्तिवाद. शिवाय बीट नसला की व्हिडिओत शब्द न् शब्द ऐकू येतो, आणि या लीग जगल्या त्या व्हिडिओवरच. विरोधकांच्या मते यात खेळच बदलला: ताल सांभाळत सुचवण्याची कसरत गेली, आली ती पाठांतराची परीक्षा. ओळ विसरून स्टेजवर गप्प उभा राहिलेला रॅपर हे दृश्य त्यातूनच आलं. उत्स्फूर्त म्हणून उरली ती फेरीच्या तोंडाला समोरच्याच्या वाराची परतफेड करणारी दोन-चार वाक्यं. त्या लढती जरूर पाहाव्यात, शब्दकळा अफाट असते. पण फ्रीस्टाइल म्हणून पाहू नयेत. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यातही कवनांचा साठा असायचाच, पण प्रतिपक्षाने घातलेलं कोडं फडातच सोडवावं लागे.

स्पॅनिश जगाने बीट सोडला नाही. एका एनर्जी ड्रिंक कंपनीच्या स्पर्धेची आंतरराष्ट्रीय फेरी २००५मध्ये पोर्तो रिकोत झाली. ब्युनोस आयर्सच्या रिवादाविया बागेत पायऱ्यांवर पोरांनी २०१२मध्ये सुरू केलेला अड्डा २०१७मध्ये थेट स्टेडियममध्ये संपला. त्याच वर्षी स्पेनमध्ये गुणतक्त्यासह व्यावसायिक लीग आली. तिथे पडद्यावर ऐनवेळी शब्द येतात, विषय दिले जातात, चार-चार ओळींची सवाल-जवाबी चालते. बरोबरी झाली तर लगेच जादा फेरी. भाषा येत नसली तरी पडद्यावर शब्द पडल्यापासून तो यमकात बसेपर्यंतचे क्षण कळतात, आणि खरी मजा तिथेच आहे.

भारतात उलटंच घडलं. इथली पहिली फळी लढली ती ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल नेटवर्कवर, टाइप करून. मग घरी रेकॉर्ड केलेल्या ऑडिओवर. माइक, बीट आणि समोरासमोरची गर्दी नंतर आली. मुंबईत बागा आणि समुद्रकिनाऱ्यांवर सायफर जमू लागले. सायफर म्हणजे रिंगण: कुणी तोंडाने बीट देतं, बाकीचे आळीपाळीने ओळी सोडतात, हिंदी-मराठी-इंग्रजी एकाच श्वासात. २०१९मध्ये मुंबईच्या रॅपवर मोठा हिंदी चित्रपट आला, त्याच वर्षी टीव्हीवर रॅपचा रिअॅलिटी शो सुरू झाला, आणि बॅटलचं नाव घराघरांत पोचलं. पण टीव्हीला रीटेक परवडतो. रिंगणात शब्द अडला की पुढचा लगेच घुसतो, म्हणून फ्रीस्टाइल ऐकायचं असेल तर पहिलं प्राधान्य सायफरला द्यावं. त्याच्या तारखा आयोजकांच्या इन्स्टाग्राम स्टोरीवर, बहुधा आदल्या दिवशी, कळतात.