कॅनडाचं मेडिकल: ‘धोका’ आणि ‘भार’ यांत गल्लत नको

जुना आजार असलेला माणूस कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचा, विचार करू लागला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘हा आजार तिथे चालतो का?’ पण चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या आजारांची यादी कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यात नाहीच. कलम ३८(१) दोन निराळे प्रश्न विचारतं. या माणसामुळे इतरांना धोका आहे का? आणि याच्या उपचारांचा सरकारी आरोग्यसेवेवर अति भार पडेल का? दोन्हींची गल्लत झाली की इमिग्रेशन खात्याच्या पत्राला उत्तरादाखल भलतेच कागद जातात.

धोक्याचा भाग थोडक्यात उरकतो. सक्रिय क्षयरोग आणि उपचार न घेतलेला सिफिलिस ही त्याची ठळक उदाहरणं. दोन्हींवर उपचार आहेत. ते पूर्ण करून अहवाल दिला की अडथळा सहसा दूर होतो. पूर्वी क्षय होऊन गेला असेल आणि आता तो निष्क्रिय असेल, तर प्रवेश मिळतो, फक्त तिथे पोहोचल्यावर स्थानिक आरोग्य विभागाच्या देखरेखीसाठी हजेरी लावावी लागते. सार्वजनिक सुरक्षिततेचा निकषही याच गटातला: अचानक शुद्ध हरपणं किंवा हिंसक वर्तनाची शक्यता तिथे तपासतात. मधुमेह, थायरॉइड, संधिवात, किडनीचे विकार यांचा संसर्गाच्या धोक्याशी काही संबंध नाही. एचआयव्हीसुद्धा तिथे सार्वजनिक आरोग्याला धोका मानत नाहीत. त्याचा विचार होतो तो औषधांच्या खर्चामुळे.

जुन्या आजारांचा खरा कस लागतो तो भाराच्या निकषावर, आणि तिथे हिशेब आजाराच्या नावाचा नसून डॉलरचा असतो. उपचारांचा अपेक्षित खर्च ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला तर तो अति भार. ही मर्यादा दरवर्षी बदलते. २०२४ साली ती वर्षाला २६,२२० कॅनेडियन डॉलर होती, म्हणजे पाच वर्षांना १,३१,१००. २०१८ च्या जूनमध्ये ही मर्यादा तिप्पट केली आणि विशेष शिक्षणासारख्या सेवा हिशेबातून वगळल्या, म्हणून त्याआधीचे नकाराचे किस्से आज जसेच्या तसे लागू पडत नाहीत. सहसा पाच वर्षांचा खर्च धरतात. पुढेही मोठा खर्च दिसत असेल तर दहा वर्षांपर्यंत.

गोळ्यांवर आटोक्यात असलेला मधुमेह या मर्यादेच्या आसपासही जात नाही. संधिवाताचं बायोलॉजिक इंजेक्शन (जिवंत पेशींपासून बनवलेलं महागडं औषध) मात्र काठावर येऊ शकतं, आणि तिथे मूळ ब्रँडची किंमत धरली की बायोसिमिलरची, म्हणजे त्याच्यासारख्याच स्वस्त औषधाची, यावर निकाल फिरू शकतो. डायलिसिस मर्यादेच्या बरंच वर जातं. खर्च मर्यादेत असला तरी ज्या सेवेसाठी तिथे आधीच मोठी प्रतीक्षायादी आहे, तिच्यावरचा ताणही पाहिला जातो.

‘सगळा खर्च आम्ही करू’ हे वाक्य अनेकजण लिहितात, पण ते कुठे चालतं हे नीट समजून घ्यावं. डॉक्टर आणि रुग्णालयाची सेवा तिथे सरकारी पैशातून मिळते. ती घेणार नाही असं वचन सरकारला पुढे अंमलात आणता येत नाही, म्हणून ते ग्राह्य धरत नाहीत. रुग्णालयाबाहेर, दुकानातून घ्यायच्या औषधांचं तसं नाही. मालकाच्या गटविम्यातून ती मिळणार असतील, तर विम्याचं पत्र वजनदार ठरतं.

आणखी एक फरक कुटुंबांच्या फार कामाचा आहे. कॅनडातल्या जोडीदाराने स्पॉन्सर केलेला नवरा किंवा बायको, अवलंबून असलेली मुलं आणि निर्वासित यांना भाराच्या निकषातून सूट आहे. धोक्याच्या निकषातून कोणालाच नाही. आईवडिलांना स्पॉन्सर करताना दोन्ही लागू होतात. एक्स्प्रेस एंट्रीसारख्या (कुशल कामगारांसाठीच्या) अर्जात जोडीदार किंवा मूल मागे राहणार असलं तरी त्यांचंही मेडिकल सहसा करावं लागतं, आणि त्यांच्यापैकी एक अपात्र ठरला तर मुख्य अर्जदाराचा अर्जही अडतो.

मेडिकल फक्त पॅनल फिजिशियनकडेच, म्हणजे कॅनडा सरकारने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडेच, होतं. ते डॉक्टर निर्णय घेत नाहीत, अहवाल पाठवतात. निकाल सहसा १२ महिने वैध असतो. जाताना उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र न्यावं. त्यात निदान, औषधाचं जेनेरिक नाव, डोस, मागचे रिपोर्ट आणि पुढच्या पाच वर्षांत कोणते उपचार लागतील हे हवं. ‘प्रकृती स्थिर आहे’ एवढ्यावर खर्चाचा अंदाज बांधता येत नाही, आणि मग अधिकारी स्वतःचा अंदाज धरतात. आजार लपवू नये: चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षांची बंदी येते, आणि ती बंदी खुद्द आजारामुळे आली नसती.

शंका आली तर थेट नकार देण्याआधी पत्र येतं. त्यात उपकलमाचं अक्षर आधी शोधावं. ३८(१)(ए) म्हणजे सार्वजनिक आरोग्याला धोका, (बी) म्हणजे सुरक्षिततेला, (सी) म्हणजे भार. पहिल्या दोन्हींना उत्तर वैद्यकीय पुराव्याचं: उपचार पूर्ण झाल्याचे कागद, तज्ज्ञाचं मत. तिथे बँकेचं स्टेटमेंट जोडून काही साधत नाही. (सी) ला उत्तर हिशेबाचं. अधिकाऱ्यांनी धरलेली प्रत्येक सेवा आणि तिची किंमत एकेक करून तपासावी, ज्या प्रांतात राहणार तिथला दर मांडावा, स्वस्त पर्यायी औषध चालत असेल तर तज्ज्ञाकडून तसं लिहून घ्यावं, आणि खर्च उचलण्याच्या क्षमतेचं व इराद्याचं प्रतिज्ञापत्र सही करून जोडावं. भाराच्या पत्राला सहसा ९० दिवस मिळतात. कागद वेळेत जमणार नसतील तर मुदत संपण्याआधीच वाढ मागावी.