खुडूक

अंडी घालणे थांबवून ती उबवण्यासाठी घरट्यात ठाण मांडून बसलेल्या कोंबडीच्या अवस्थेला खुडूक म्हणतात. हा आजार नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक जास्त प्रमाणात स्रवू लागते, अंडाशय आक्रसते आणि अंडी बंद होतात. भरपूर अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड झालेल्या लेगहॉर्न जातीच्या कोंबड्यांमध्ये ही प्रवृत्ती जवळपास उरलेली नाही. सिल्की, कोचिन व असील या जातींत ती जोरकस आहे.

खुडूक कोंबडी रात्रीही घरट्यातच राहते. हात नेला की पिसे फुलवते, घोगरा आवाज काढते, चोच मारते. पोटाखाली पिसे झडून उघडी पडलेली कातडी दिसते. तिथूनच अंड्यांना थेट ऊब मिळते. दाणापाण्यासाठी ती दिवसातून एकदाच, थोडा वेळ उठते आणि तेव्हा मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते. हे नेहमीचेच, त्यावर औषध देऊ नये.

पिले काढायची असतील तर आधी दोन-तीन दिवस खोटी अंडी ठेवून तिची चिकाटी पाहावी. मग रात्री, अंधारात, खरी 10 ते 12 अंडी एकदमच खाली सरकवावीत. रोज एकेक अंडे वाढवत जाणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे: गर्भाची वाढ ऊब मिळाल्यावरच सुरू होते, त्यामुळे पिले मागेपुढे निघतात आणि पहिल्या पिलांसोबत कोंबडी उठली की उरलेली अंडी थंड पडून मरतात. अंड्यांवर पेन्सिलीने खूण करावी, कारण इतर कोंबड्या त्याच घरट्यात घालून जातात. उबवायची अंडी साठवताना तापमान 13 ते 18 अंश सेल्सिअस ठेवावे, निमुळते टोक खाली करावे. सात दिवसांहून जास्त साठवली तर पिले निघण्याचे प्रमाण घटत जाते.

सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली, तर जिवंत गर्भाभोवती कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा फाकलेल्या दिसतात. निव्वळ पिवळसर उजेड दिसला तर अंडे वांझ.

पिले साधारण 21व्या दिवशी निघतात. शेवटचे तीन दिवस घरट्याला हात लावू नये. कवचाला पहिला टवका पडल्यावर पिलू बाहेर यायला बहुधा 12 ते 24 तास लागतात. या काळात आतल्या पडद्यातील रक्त आणि उरलेला बलक पिलाच्या शरीरात ओढला जातो, म्हणून घाईने कवच सोलले तर रक्तस्राव होऊन पिलू दगावते.

पिले नको असतील तर कोंबडीला जमिनीपासून उंच, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात दाणापाण्यासह तीन-चार दिवस ठेवावे. पोटाखालून हवा खेळली आणि घरटे नजरेआड झाले की खुडूक मोडते. थंड पाण्यात बुडवण्याने तिचे केवळ हाल होतात.