क्लिफ्टनचा झुलता पूल मूळ आराखड्याप्रमाणे बांधलाय का?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या क्लिफ्टन पुलाचा फोटो अधूनमधून फिरतो. सोबत ओळ असते : ‘एकाच अभियंत्याने आखला आणि जसाच्या तसा उभा केला.’ पूल इतका एकसंध दिसतो की ते सहज पटतं. पण घडलं ते वेगळं.

आराखडा निवडला गेला 1831 साली. लगेच शहरात दंगली उसळल्या, गुंतवणूकदार मागे हटले, काम रखडलं. 1836 मध्ये पुन्हा सुरुवात झाली, पण 1843 पर्यंत पैसे संपले. मनोरे उभे होते, पण मधली दरी मोकळीच. साखळ्यांसाठी घेतलेलं लोखंडही विकावं लागलं. मूळ अभियंता 1859 मध्ये वारला आणि पूल खुला झाला डिसेंबर 1864 मध्ये.

काम पुरं केलं दुसऱ्याच अभियंत्यांनी, तेही बदल करून. लंडनचा हंगरफर्ड झुलता पूल तेव्हा पाडला जात होता. तोही क्लिफ्टनच्या मूळ अभियंत्याचाच. त्याच्या साखळ्या इथे आणल्या. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मूळ आराखड्यात प्रत्येक बाजूला दोन साखळ्या होत्या, आता तीन आहेत. रस्त्याचा सांगाडाही जास्त भक्कम केला.

खात्री फोटो मोठा करूनही होते. एका बाजूच्या साखळ्या मोजा : एकाखाली एक अशा तीन. त्या तारेच्या दोरांच्या नाहीत. लोखंडाच्या चपट्या पट्ट्या टोकाच्या भोकांतून पिन ओवून जोडल्यात. मग मनोरे पाहा. आराखड्यात त्यांच्यावर इजिप्शियन धाटणीची सजावट आणि स्फिंक्स होते. प्रत्यक्षात दगड उघडाच आहे.