रातवा आणि बेडूकमुखी: तोंड दोघांचंही मोठं, पण काम वेगळं

सासवडच्या पुढं माळावर संध्याकाळी जरा थांबलं ना की उजेड जाता जाता एक आवाज सुरू होतो, चक् चक् चक् चक् र्रर्रर्र. टेबलटेनिसचा बॉल फरशीवर सोडला की शेवटी शेवटी कसा भराभर टपटपतो, अगदी तसा. हा आपला रातवा. बऱ्याच जणांनी तो बघितलेला असतो पण पक्षी म्हणून ओळखलेला नसतो, कारण रात्री हेडलाइटमध्ये रस्त्यावर दोन लाल निखारे चमकतात आणि गाडी जवळ आल्यावर काहीतरी भुरकन उडून जातं, एवढंच दिसतं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो, तो आत आलेला उजेड परत फेकतो, म्हणजे अंधारात मिळेल तो थोडासा उजेड दोनदा वापरायला मिळतो. ते निखारे म्हणजे तोच थर चमकत असतो.

एकदा पहाटे मला रस्त्यावर गाडीखाली आलेला रातवा सापडला, हातात घेतला तर वजन जाणवेना, फार वाईट वाटलं. चोच एवढीशी, बोटाच्या नखाएवढी, पण तोंड उघडून बघितलं तर ते पार डोळ्यांच्या खालपर्यंत फाटलेलं, कडेला ताठ मिशा, आणि पायाच्या मधल्या बोटाच्या नखाला चक्क फणीसारखे दाते! एवढं मोठं तोंड कशासाठी, तर हा उडता उडता पतंग, भुंगे हवेतच पकडतो.

आता दुसरा, बेडूकमुखी. हा माळावर मिळणार नाही, त्याला सह्याद्रीचं दाट ओलं जंगल लागतं, तिळारी, गोवा, मग खाली केरळपर्यंत, आणि पलीकडं श्रीलंकेत. ही जात जगात बाकी कुठंच नाही. १८४९ साली पक्षिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथने त्याचं वर्णन केलं आणि त्याच्या शास्त्रीय नावातल्या बॅट्राकोस्टोमस या शब्दाचा अर्थही बेडूकतोंड्या असाच आहे. साइजला दोघं जवळजवळ सारखेच, २३-२४ सेंटिमीटर, दोघंही वाळक्या पाल्याच्या रंगाचे, त्यामुळे फोटोत बघून लोक गोंधळतात, आणि खरं तर शास्त्रज्ञसुद्धा त्यांना पूर्वी एकाच गणात टाकायचे, आता बेडूकमुखीचा गण वेगळा मानतात.

मला स्वतःला फरक पटतो तो चोचीवरून. बेडूकमुखीची चोच जाड, रुंद आणि टोकाला वाकलेली असते, तो रातव्यासारखा हवेत घिरट्या घालत बसत नाही, फांदीवरून बघत राहतो आणि किडा दिसला की पानावरून, खोडावरून, कधी जमिनीवरूनही उचलतो. म्हणजे एकाचं तोंड जाळं आहे आणि दुसऱ्याचं पक्कड.

लपायची पद्धत पण बघा. रातवा दिवसा जमिनीवर गप्प बसतो, झाडावर बसलाच तर फांदीला आडवा नाही, फांदीच्या लांबीला धरून बसतो. बेडूकमुखी कमी उंचीच्या फांदीवर, बऱ्याचदा जोडीनं, एकमेकांना चिकटून, नर राखाडी आणि मादी तांबूस. चाहूल लागली की हळूच चोच वर करून स्थिर होतात, की मोडक्या फांदीचं खुंटच वाटावं. दोन हातांवर असले तरी आपण पुढं निघून जातो.

घरट्याच्या बाबतीत रातवा काहीच करत नाही, सरळ उघड्या जमिनीवर दोन अंडी घालतो, म्हणून उन्हाळ्यात माळावर गाडी घालणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, रस्ता सोडू नका, ती अंडी मातीपासून वेगळी दिसतच नाहीत. बेडूकमुखी मात्र स्वतःच्या मऊ पिसांची छोटीशी गादी करतो, वरून दगडफूल आणि सालीचे तुकडे लावतो आणि त्यावर फक्त एक पांढरं अंडं. दिवसभर नर बसतो, रात्री मादी. पिल्लू उडून गेलं की नर ती गादी मोडून टाकतो अशा नोंदी आहेत, आणि पुढच्या वर्षी कधीकधी त्याच जागी नवीन गादी तयार होते.