कॅल्शिअम पुरेसं, तरी हाडं का झिजतात?

पाळी गेली की अंगातलं कॅल्शिअम कमी होतं आणि म्हणून हाडं ठिसूळ होतात, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. कॅल्शिअम हवंच, ड जीवनसत्त्वही हवं. पण पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत काही स्त्रियांच्या हाडांची घनता 20 टक्क्यांपर्यंत घटते. पानातलं दूध आणि नाचणीची भाकरी तर तीच असते! घटलेलं असतं इस्ट्रोजेन, बीजाशयात बनणारं संप्रेरक. आणि ते घटल्यावर हाड पोखरण्यात आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशींचाही हात असतो. ही गोष्ट मला विलक्षण वाटते, आणि ती फार कमी सांगितली जाते.

हाड आयुष्यभर मोडत आणि घडत असतं. ऑस्टिओक्लास्ट पेशी आम्ल सोडून जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट त्या खड्ड्यात नवं हाड भरतात. एक खड्डा पडायला साधारण तीन आठवडे लागतात, भरायला तीन-चार महिने. त्यामुळे एकाच वेळी फार ठिकाणी खड्डे पडू लागले की भरणाऱ्या पेशी मागे पडतात. मणक्यांच्या आतलं जाळीदार हाड सगळ्यात आधी विरळ होतं.

आता गंमत बघा. ऑस्टिओक्लास्ट मुळात हाडाच्या घराण्यातल्या नाहीतच. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी ज्या मूळ पेशींपासून होतात, त्यांच्यापासूनच याही होतात. ऑस्टिओक्लास्ट तयार होण्यासाठी रँक-एल नावाच्या प्रथिनाचा संदेश लागतो. 1997 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना हे प्रथिन टी-पेशींमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्ये सापडलं. त्यांचा विषय प्रतिकारशक्ती होता, हाडं नव्हे. पुढच्याच वर्षी जपानमधल्या स्नो ब्रँड या दुग्धकंपनीच्या प्रयोगशाळेने ऑस्टिओक्लास्ट घडवणारा घटक शोधून काढला. दोन्ही प्रथिनं एकच निघाली! 1999 मध्ये रँक-एलचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांची हाडं दगडासारखी घट्ट झाली, आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी जिथे जमतात त्या लसिका ग्रंथीही त्यांच्यात तयार झाल्या नाहीत.

इस्ट्रोजेन या साखळीला अनेक ठिकाणी लगाम घालतं. तो सुटला की अस्थिमज्जेत इंटरल्युकिन-7 हे टी-पेशींना वाढवणारं प्रथिन वाढतं, टी-पेशींची संख्या वाढते आणि त्या टीएनएफ नावाचं दाहकारक प्रथिन जास्त सोडतात. टीएनएफ मज्जेतल्या आधारपेशींना आणखी रँक-एल बनवायला लावतं. शिवाय ऑस्टिओक्लास्टच्या पूर्वज पेशींमध्ये ते एनएफ-कप्पा-बी हा पेशीच्या आतला संदेशमार्ग चेतवतं. रँक-एलचा संदेशही याच मार्गाने जातो, म्हणून दोन्ही एकत्र आले की परिणाम बेरजेपेक्षा मोठा होतो. रँक-एलला पकडून निष्प्रभ करणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन शरीरात असतं, पण एवढ्या रँक-एलपुढे ते अपुरं पडतं.

याचा पुरावा 2000 च्या सुमारास उंदरांवर मिळाला. थायमस ग्रंथी नसलेल्या, म्हणजे टी-पेशी जवळजवळ नसलेल्या उंदरांचं बीजाशय काढलं, तरी त्यांचं हाड झिजलं नाही. त्यांना निरोगी टी-पेशी दिल्यावर झीज सुरू झाली. टीएनएफ बनवू न शकणाऱ्या टी-पेशी दिल्यावर मात्र झाली नाही. प्रत्येक प्रयोगशाळेला आणि प्रत्येक जातीच्या उंदरात असाच निकाल मिळाला नाही, हेही सांगायला हवं. इस्ट्रोजेन ऑस्टिओक्लास्टवर थेटही काम करतं, त्यांचं आयुष्य आखूड करतं. टी-पेशी हा एकमेव रस्ता नाही. पण 2003 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांनी स्त्रियांची अस्थिमज्जा तपासली, तेव्हा पाळी गेलेल्या आणि इस्ट्रोजेन न घेणाऱ्या स्त्रियांच्या टी-पेशी, बी-पेशी आणि आधारपेशींवर रँक-एल दुपटी-तिपटीने जास्त आढळलं.

म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांच्या आणि काढ्यांच्या जाहिरातींचा मला राग येतो. प्रतिकारशक्ती वाढली की सगळं चांगलंच होतं, हे चूक आहे. इथे तिच्या पेशी जास्त सक्रिय होतात आणि किंमत हाड मोजतं.

या संशोधनातूनच डेनोसुमॅब आलं. रँक-एलला बांधून ठेवणारं हे प्रतिपिंड अमेरिकेत 2010 मध्ये मंजूर झालं. त्याचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यावं लागतं. ते मधेच सोडलं तर अडवून धरलेली झीज उसळून येते आणि काही रुग्णांचे एकाहून अधिक मणके मोडल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे ते थांबवायचं असेल तर पुढे कोणतं औषध घ्यायचं, हे डॉक्टरांशी आधीच ठरवावं लागतं.